टीपॉयचे पाय

खानापूर असो, निपाणी असो की अथणी, जमिनीचा दस्त नोंदवायला गेलं की दारावर कन्नड पाटी असते: 'उप नोंदणाधिकारिगळ कचेरी'. लिपी येत नसली तरी कुणी मोठ्यानं वाचून दाखवली की मराठी कानाला ती सगळी कळते. परका वाटतो तो फक्त मधला 'गळ', आणि तोही कन्नडचा आदरार्थी बहुवचनाचा प्रत्यय. हीच कचेरी कोल्हापुरात 'दुय्यम निबंधक' होते. बोलताना मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंचे लोक सरळ 'सब-रजिस्ट्रार' म्हणतात आणि कामाला लागतात.

उप, दुय्यम, सब. एका खुर्चीची ही तीन नावं. त्यातलं 'दुय्यम' फारसीतून आलेलं, म्हणजे दुसरा, आपल्या 'द्वि'च्या नात्यातलं. पण 'उप' आणि 'सब' हे एकमेकांचे भाषांतर आहेत असं जे वाटतं, ते अर्धंच खरं. ते मुळात एकच शब्द आहेत. लॅटिननं पुढे एक 'स' लावला आणि 'सब' केला, ग्रीकमध्ये तोच 'हायपो' झाला, आणि इंग्रजीच्या स्वतःच्या घरात तो 'अप' म्हणून राहिला. खालून वर येणं असा मूळचा अर्थ. कुणी त्यातलं 'खालून' धरून ठेवलं, कुणी 'वर'. म्हणून सब-वेमध्ये माणूस खाली उतरतो आणि अपस्टेअर्सला वर चढतो.

शेजारीच दुसरं कुटुंब आहे. संस्कृत 'उपरि', लॅटिन 'सुपर', ग्रीक 'हायपर', इंग्रजी 'ओव्हर'. मराठीनं 'उपरि' झिजवून झिजवून 'वर' केला. म्हणजे 'ओव्हर' आणि 'वर' हे चुलत भाऊच, आणि कानालाही तसेच लागतात.

हे कुटुंब माहीत असण्याचा उपयोग दवाखान्यात होतो. हायपोथायरॉइड आणि हायपरथायरॉइड यांत ऐकताना एका अक्षराचा फरक, पण एकात ग्रंथी कमी काम करते आणि दुसऱ्यात जास्त. पहिल्याला थायरॉक्सिनची गोळी बाहेरून द्यावी लागते; दुसऱ्याला कार्बिमाझोलसारखं ग्रंथीला आवर घालणारं औषध. मधुमेही माणसाची शुगर 'हायपो' झाली तर त्याला ताबडतोब साखर द्यायची असते. 'हायपर' असताना तीच साखर घातक. घरी निरोप सांगताना या दोहोंची अदलाबदल फार होते. हायपरमध्ये 'र' आहे, 'वर'मध्येही 'र' आहे, आणि तो एकच 'र' आहे. ही नुसती पाठ करायची युक्ती नाही, व्युत्पत्तीच तशी आहे.

इंग्रजी भाषा ही मुळात जर्मन-डच कुळातली. तिचे घरचे शब्द आखूड आणि रोजच्या कामाचे: फूट, टूथ, नो (जाणणं), ओव्हर, अन-. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि दरबार, कोर्ट, स्वयंपाक यांचे फ्रेंच शब्द तिथे शिरले. ते बहुतेक लॅटिनचेच वंशज. पुढे विद्वानांनी थेट लॅटिन आणि ग्रीकमधून टोपलीभर शब्द उचलले. त्यामुळे एकाच कल्पनेचे तीन-तीन संच या भाषेत साठले. आपल्याकडे 'पाणी', 'जल' आणि 'आब' एका घरात नांदतात तसंच हे.

'नाही' म्हणायचे उपसर्गच बघा. घरचा 'अन', लॅटिनचा 'इन', ग्रीकचा 'अ' किंवा 'अन्'. आपला 'अ', 'अन्' हाही त्यातलाच. चौघांचं मूळ एक. मग संस्कृतातला 'अज्ञात' शेजारी ठेवून इंग्रजीकडे पाहिलं तर गंमत दिसते: 'अननोन' हा जर्मानिक वाटेनं आलेला अज्ञात, 'इग्नोरन्ट' लॅटिन वाटेनं, 'ॲग्नॉस्टिक' ग्रीक वाटेनं. 'नो'च्या स्पेलिंगमध्ये पुढे जो मुका 'के' आहे, तो ज्ञ-च्या पहिल्या अर्ध्या भागाचा जुना पडलेला सांगाडा. पोरांना तो विनाकारण छळतो असं वाटतं, पण कधीकाळी तो उच्चारला जात होता. 'ॲग्नॉस्टिक' हा शब्द तर ग्रीकांनी केलाच नाही. इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हेन्री हक्सलीनं तो 1869 मध्ये ग्रीक तुकडे जोडून घडवला.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं ब्रिटिश न्यायाधीश विल्यम जोन्सनं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत 1786 मध्ये जाहीरपणे मांडलं. नंतर जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमनं 1822 मध्ये ध्वनिबदलाचा नियम नीट मांडून दाखवला. त्या नियमाचा घरगुती अवतार असा: जिथे संस्कृत आणि लॅटिनमध्ये 'प' असतो तिथे घरच्या इंग्रजीत 'फ' येतो, 'त'चा 'थ' होतो, 'द'चा 'ट' होतो. पितृ, पाटर, फादर. त्रि, त्रेस, थ्री. दश, डेकेम, टेन. दंत, डेंट, टूथ. म्हणून इंग्रजीत दाताला 'टूथ' आणि दाताच्या डॉक्टरला 'डेंटिस्ट'. दात घरचा, डॉक्टर लॅटिन शिकून आलेला.

नुसतं कानाला सारखं लागलं म्हणून नातं लावायचं नाही. नियम लागू पडला पाहिजे. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' अर्थानं एक, आवाजानं एक, आणि तरी काडीचंही नातं नाही. बदनाम, बदफैली, बदसूर म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे मान्य करणं जड जातं. तीच गत 'बे'ची. बेकायदा, बेहिशेबी, बेपत्ता यांतला 'बे' म्हणजे 'वाचून, विना'. 'बिकम', 'बिसाइड'मधला 'बि' वेगळ्याच घराचा. उलट फारसी 'हम' खरा नातेवाईक आहे: हमदर्दीतला हम, 'समान'मधला सम, 'होमिओपॅथी'तला होमिओ आणि इंग्रजी 'सेम' हे सगळे एका मुळाचे. दिसण्यावर गेलं तर कुणाला 'हम' आणि 'होमिओ' भाऊ वाटले असते?

मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीच्या पोरांचे इंग्रजी स्पेलिंगमधले गुण जातात ते बहुधा जोडीनं येणाऱ्या अक्षरांवर. दोन सी की एक, दोन एम की एक, एस किती. हे पाठ करून होत नाही, कारण प्रत्येक शब्द स्वतंत्र लक्षात ठेवावा लागतो. त्यापेक्षा संधी आठवावी. उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख. 'त' पुढच्या 'ल'मध्ये विरघळला. सत् अधिक जन म्हणजे सज्जन. लॅटिनमध्ये अगदी हेच चालतं. 'इन' अधिक 'लीगल' म्हणजे 'इल्लीगल', म्हणून दोन एल. 'इन'पुढे आर आला की 'इर', पी, बी किंवा एम आला की 'इम'. 'कॉन' हा 'कॉल', 'कॉर', 'कॉम' होतो. 'ॲड' हा सगळ्यांत मनमिळाऊ: 'ॲक', 'ॲफ', 'ॲग', 'ॲप', 'ॲस', 'ॲट', समोर जो येईल तसा. 'सब' हा 'सक', 'सफ', 'सप' होतो; 'सपोर्ट'मध्ये दोन पी आहेत त्यातला पहिला मुळात बी.

आता अवघड शब्द उलगडतात. 'अकॉमोडेशन'मध्ये 'ॲड', मग 'कॉम', मग 'मोड' अशी तीन माणसं रांगेत आहेत. 'ॲड'चा डी पुढच्या सीमध्ये विरघळला, म्हणून दोन सी. 'कॉम'चा एम आणि 'मोड'चा एम शेजारी आले, म्हणून दोन एम. 'रेकमेंड'मध्ये 're'ला कुणाशी विरघळायचं नाही, म्हणून सी एकच; 'कॉम' अधिक 'मेंड', म्हणून एम दोन. 'डिसअपिअर'मध्ये 'डिस'चा एस एकटा, पण 'अपिअर' स्वतःच 'ॲड'पासून झालेला, म्हणून पी दोन. 'डिससॅटिस्फाइड'मध्ये मात्र 'डिस' संपतो एसवर आणि 'सॅटिस' सुरू होतो एसवर, म्हणून दोन्ही लिहायचे. 'ऑकरन्स'मध्ये 'ऑब' अधिक धावणं या अर्थाचं 'कर', म्हणून दोन सी; पुढचे दोन आर वेगळ्या कारणानं येतात. क्रियापदाच्या शेवटी एकच स्वर आणि एकच व्यंजन असेल आणि उच्चाराचा जोर शेवटच्या अवयवावर असेल, तर स्वरानं सुरू होणारा प्रत्यय लावताना ते व्यंजन दुप्पट होतं. 'ट्रान्सफर'चं 'ट्रान्सफर्ड' करताना आर दोन, कारण जोर 'फर'वर आहे. 'ऑफर'चं 'ऑफर्ड' करताना एकच, कारण जोर 'ऑ'वर. हा 'फर' म्हणजे वाहून नेणं, आपला 'भृ', ज्यातून 'भार' आला. 'ट्रान्सफर' म्हणजे पलीकडे वाहून नेणं. सरकारी बदलीचं सामान टेंपोत भरताना हा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

संस्कृत आणि लॅटिन यांची ही संधी एका जागी मात्र वेगळी वाट धरते, आणि ती जागा सीमाभागातल्या पाट्यांवरच सापडते. 'इन' अधिक 'रेग्युलर'मध्ये लॅटिन दोन्ही आर ठेवते. संस्कृतात 'र'पुढे 'र' आला तर पहिला गळतो आणि मागचा स्वर दीर्घ होतो: निर् अधिक रोग म्हणजे नीरोग. त्या हिशेबानं अंतर् अधिक राष्ट्रीय म्हणजे 'अंताराष्ट्रीय', आणि कन्नडमध्ये नेमकं तसंच लिहितात. मराठीनं 'आंतरराष्ट्रीय' पसंत केलं, हिंदीत 'अंतरराष्ट्रीय' चालतं. व्याकरणाच्या परीक्षेत कन्नड पाटी पास होते आणि आपण वादात अडकतो, असं म्हणायला हरकत नाही. हा 'अंतर्' आणि लॅटिनचा 'इंटर' एकच. 'आतडे' हा शब्द ज्यापासून आला तो संस्कृत 'आंत्र' आणि ग्रीक 'एंटेरॉन' हेही त्याच मुळाचे. ग्रीक 'डिस' म्हणजे आपला 'दुस्, दुर्'. म्हणजे 'डिसेंट्री' हा शब्द अवयवागणिक संस्कृतात मांडला तर 'दुरांत्र' होईल. आमांश म्हणणं अर्थातच सोपं.

शब्द सोडवताना शेवटाकडून सुरुवात करावी. आधी प्रत्यय काढायचा: 'शन', 'मेंट', 'एबल', 'लॉजी'. मग पुढचा उपसर्ग, आणि तो विरघळलेला असेल तर मूळ रूपात आणायचा. मध्ये जे उरतं ते धातू. ते बरोबर आहे का हे पाहायला त्याच धातूचे आणखी दोन-तीन शब्द आठवायचे. 'स्पेक्ट' उरला तर 'इन्स्पेक्टर', 'सस्पेक्ट', 'प्रॉस्पेक्ट', 'रिस्पेक्ट' सगळ्यांत पाहण्याचा अर्थ लागतो का? लागतो. लॅटिनमधला हा धातू संस्कृतातल्या 'पश्यति'चा सख्खा, आणि संस्कृतात 'स्पश' म्हणजे गुप्तहेर. इंग्रजी 'स्पाय' त्याच कुळातला. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हे व्याकरणाच्या वर्गातले नेहमीचे उदाहरण ज्यांनी घोकलं आहे, त्यांना उपसर्ग धातूला कुठे कुठे ओढून नेतो हे वेगळं सांगायला नको. पाणिनीच्या परंपरेत उपसर्ग 22 मोजतात. लॅटिनचे आणि ग्रीकचे मिळून कामाचे साधारण दुप्पट होतील, तेवढे पाठ असले की पुष्कळ झालं.

उरलेला तुकडा आणखी कुठेच दिसत नसेल तर थांबायचं. 'अंकल'मध्ये 'अन' नाही. तो लॅटिन 'अवुंकुलुस', म्हणजे मामा, झिजून झालेला. 'अंडर'मध्येही 'अन' नाही. 'रेडी', 'रीच' यांत 'री' नाही. ही चूक हुशार मुलंच जास्त करतात, कारण त्यांना सगळीकडे उपसर्ग दिसू लागतात.

दुसरी चूक, एक उपसर्ग आणि दोन अर्थ. पुणे-बंगळूर महामार्गावर बेळगावजवळून जाणाऱ्या पेट्रोलच्या टँकरमागे 'हायली इनफ्लेमेबल' लिहिलेलं असतं. 'इन' म्हणजे 'नाही' असं शिकलेला मुलगा ते 'पेट न घेणारा' असं वाचू शकतो. इथला 'इन' नकाराचा नाहीच. तो 'आत' या अर्थाचा, 'इनफ्लेम' म्हणजे पेटवणं. याच धोक्यामुळे विसाव्या शतकात अग्निसुरक्षेच्या लोकांनी 'फ्लेमेबल' हा आखूड शब्द पुढे केला, म्हणून आज दोन्ही शब्दांचा अर्थ एक आणि दोन्ही पाट्या रस्त्यावर. 'इनव्हॅल्युएबल'मध्ये तर 'इन' नकाराचाच आहे, पण अर्थ 'किंमत नसलेला' असा होत नाही. किंमत करताच येणार नाही असा. आपलं 'अमूल्य' तसंच आहे, 'कवडीमोल' तसं नाही.

सरकारी दवाखान्यात 'अँटीनेटल' अशी पाटी असते आणि पुष्कळांना ती कशाच्या तरी विरुद्ध वाटते. तो लॅटिन 'अँटे', म्हणजे आधी, प्रसूतीआधीची तपासणी. ग्रीक 'अँटी' म्हणजे विरुद्ध. मुळात दोघे भाऊच, 'समोर' या अर्थाचे. एकानं समोर म्हणजे आधी असं धरलं, दुसऱ्यानं समोर म्हणजे विरोधात. आपण दोन्ही 'अँटी'च उच्चारतो, त्यामुळे स्पेलिंगकडे पाहिल्याशिवाय सुटका नाही. 'पीडिॲट्रिक' आणि 'पेडिक्युअर' यांचंही तसंच. पहिल्यात ग्रीक 'मूल', दुसऱ्यात लॅटिन 'पाय'. शस्त्रक्रियांच्या नावात शेपटी नीट ऐकावी: 'ऑटमी' म्हणजे नुसता छेद, 'एक्टमी' म्हणजे कापून बाहेर काढणं, 'ऑस्टमी' म्हणजे शरीराला नवं तोंड पाडणं. श्वासनलिकेवरच्या ट्रॅकिऑटमी आणि ट्रॅकिऑस्टमी यांतला 'एस' मुका नाही. 'टमी' म्हणजे कापणं. 'अ' लावला की 'ॲटम', न कापता येणारा. पुढे तोही कापला गेला, पण नाव राहिलं.

कन्नड या सगळ्यापासून अलिप्त उभी आहे. द्राविडी भाषा शब्दाच्या शेवटाला जोडत जातात, पुढे काही लावत नाहीत. 'माहीत आहे' म्हणजे 'गोत्तु', 'माहीत नाही' म्हणजे 'गोत्तिल्ल'. नकार शेवटी. बेळगावच्या भाजीबाजारात बसणारी मराठी बाई दिवसातून वीस वेळा 'गोत्तिल्ल' म्हणते आणि तिला ते परकं वाटत नाही, कारण 'माहीत नाही'मध्येही नकार शेवटीच आहे. कन्नडमध्ये 'अज्ञान', 'अन्याय', 'उप', 'अंतर' दिसतात ते संस्कृतातून आणलेले. त्यामुळे इथल्या कन्नड मुलाला उपसर्ग पुस्तकातून शिकावा लागतो आणि मराठी मुलाला तो अर्धा बोलण्यातून मिळालेला असतो: बेकायदा, नापास, गैरहजर, बिनकामाचा. 'नापास' तर अस्सल सीमाभागासारखा शब्द, फारसी 'ना' आणि इंग्रजी 'पास'. असा संकर इंग्रजीत कमी नाही. 'टेलिव्हिजन'मध्ये 'टेली' ग्रीक आणि 'व्हिजन' लॅटिन. 'बायसिकल'मध्ये 'बाय' लॅटिन, 'सिकल' ग्रीक. या 'सिकल'चं ग्रीक रूप 'कुक्लोस', संस्कृत 'चक्र', इंग्रजी 'व्हील', मराठी 'चाक'. मग 'दुचाकी' आणि 'बायसिकल' यांत दोन्ही अवयव एकमेकांचे नातेवाईक निघतात, आणि 'सायकलचं चाक' म्हणजे चाकाचं चाक.

उपसर्ग दिले नाहीत तरी द्राविडी भाषांनी इंग्रजीला मुळं दिली. सुपारीला कन्नडमध्ये 'अडिके', मल्याळममध्ये 'अडक्का'. पोर्तुगीजांनी किनाऱ्यावर तो शब्द उचलून 'अरेका' केला आणि इंग्रजीनं तसाच घेतला. सुपारीच्या झाडाचं शास्त्रीय नावही त्यावरूनच पडलं. आपण वर, घाटमाथ्यावर, त्याच मुळाला धरून 'अडकित्ता' म्हणतो. 'टीक', म्हणजे सागवान, हाही असाच मल्याळम 'तेक्का'पासून पोर्तुगीज होडीतून गेला. खानापूरच्या जंगलातल्या त्याच झाडाला कन्नड माणूस 'तेग' म्हणतो.

पायाबद्दल मात्र थोडं जास्त बोलावं लागेल, कारण हा एक अवयव इंग्रजीनं वेगवेगळ्या दारांनी घरात घेतला. घरचा 'फूट', लॅटिनचा 'पेडल' आणि 'पेडेस्ट्रियन', ग्रीकचा 'ट्रायपॉड' आणि 'ऑक्टोपस'. 'ऑक्टोपस' म्हणजे अक्षरशः अष्टपाद, आणि तो ग्रीक असल्यामुळे त्याचं अनेकवचन लॅटिन चालीवर 'ऑक्टोपाय' करणं चुकीचं. चौथं दार फारसीचं: पाय आणि जामा मिळून झालेला पायजमा हिंदुस्थानात इंग्रजांच्या अंगावर चढला आणि 'पजामाज' होऊन विलायतेला गेला. त्याच सामानातून 'तिपाई' गेली, तीन पायांची घडवंची, आपली तिवई. इंग्रज घरांत तिच्यावर चहाचा ट्रे ठेवू लागले, 'ति'मध्ये त्यांना 'टी' ऐकू आला आणि ती 'टीपॉय' झाली. तीन गेले, चहा आला. त्याच नावानं ती परत आली, आणि आता बेळगावच्या फर्निचरच्या दुकानात टीपॉय मागितला की चार पायांचा दाखवतात. काचेच्या नव्या नमुन्याला मधोमध एकच खांब असतो.